मिलिंदचा पहिला जून

जूनमध्ये नव्या प्रवेशाची गर्दी पाहिली की मला १९५० चा जून आठवतो, माझ्या जन्माआधीचा असूनही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कला व विज्ञान महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. तोवर आधार हैदराबादच्या उस्मानियाचा. तिथे १९१८ पासून निजामी राजवट संपेपर्यंत उच्च शिक्षण उर्दूतून चाले. देशी भाषेत विज्ञान शिकवण्याचा तो प्रयोग मोठाच. पण, उर्दू माझ्या घरची असली तरी सांगतो, खेड्यातल्या मराठी पोराला तो आणखी एक उंबरठा होता. दलित पोराला तर आधीचेच उंबरठे कमी नव्हते.

पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. गंमत पाहा, उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव परिसराला, नागसेनवन. आणि विद्यार्थी ज्या दारातून आत जातात, त्यावर नाव प्रश्न विचारणाऱ्याचे! याच मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. दलित कवींची पहिली कविता अनेकदा त्यातच छापून येई.