'क' नसलेली मुळाक्षरं

शनिवारी लोळत पडून 'स्टार ट्रेक'चा तिसरा सिनेमा (१९८४) पुन्हा पाहिला. त्यात क्लिंगॉन नावाचे लढवय्ये परग्रहवासी आहेत. या वेळी लक्ष त्यांच्या भांडणांपेक्षा बोलण्याकडेच गेलं, कारण मधेच चक्क आपला 'ड' ऐकू आला! इंग्रजीतला डी नव्हे, जीभ मागे वळवून टाळूला लावतात तो अस्सल 'ड'. माझ्या आडनावात तो आहे आणि आमच्या परदेशी क्लायंटला तो अजून जमलेला नाही. म्हटलं, हा परग्रहावर कसा पोचला?

तर मंडळी, त्याची गोष्ट अशी. १९७९ च्या पहिल्या सिनेमासाठी स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहानने क्लिंगॉनचे मोजके शब्द जुळवले होते. १९८४ च्या सिनेमासाठी मात्र मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाला रीतसर भाषाच बनवायला सांगितली. भाषा परग्रहावरची वाटायला हवी, पण बोलणारे नट तर माणसंच! मग त्याने नवे आवाज शोधलेच नाहीत. माणसांच्याच भाषांमधले आवाज घेतले, फक्त त्यांचा मेळ बिघडवून टाकला.

कसा, ते बघायला आपली मुळाक्षरं समोर ठेवा. तो तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे: कंठापासून ओठांपर्यंत एकेक ओळ. आता क्लिंगॉनची २१ व्यंजनं त्यात बसवा. पहिल्या ओळीत क, ख, ग, घ काहीच नाही, आहे तो फक्त ङ! आपण ज्याला 'वाङ्मय'पुरता ठेवलाय, तो तिथे शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. 'क'च्या जागी पार पडजिभेपाशी काढायचे दोन आवाज आहेत. ट-ठ-ड-ढ-ण मध्ये एकटा ड. त्याच्या जोडीचा ट नाही, आणि 'त'सारखा आवाज आहे तर द गायब. स आणि श नाहीत, पण ष आहे. आपण बहुतेक जण ष लिहितो आणि श म्हणतो, क्लिंगॉन मात्र जीभ 'ड'च्या जागी नेऊन म्हणतात.

एकेक आवाज घेतला तर काहीच अघोरी नाही. खऱ्या भाषांना साधारणपणे नीटनेटका तक्ता आवडतो, ट असेल तर बहुधा त्याच्या ओळीत सोबतीही असतात. ओक्रँडने नेमक्या त्या सोबती काढून टाकल्या. थोडक्यात, परकेपणा आवाजात नव्हता, मांडणीत होता.

शूटिंगमध्ये नट चुकायचे. टेक चांगला झाला असेल तर ओक्रँड नटाऐवजी भाषाच दुरुस्त करायचा. बगला फीचर म्हणायची आमची परंपरा जुनी आहे म्हणायची! १९८५ साली त्याचा क्लिंगॉन शब्दकोश आला आणि लोक खरोखर ही भाषा शिकायला लागले.

पण मला चटका लावून गेली ती त्याच्या आधीची गोष्ट. १९७७ साली ओक्रँडने बर्कलीत प्रबंध लिहिला तो कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती चांगली येणाऱ्या शेवटच्या बाई, असेन्सियोन सोलोर्सानो, १९३० सालीच वारल्या होत्या. जे. पी. हॅरिंग्टनने त्यांच्याकडून उतरवून घेतलेली टिपणं, हाच मुख्य आधार. आणि गंमत म्हणजे मुत्सुनमध्येही जीभ वळवून काढायचा 'ट' आहे.

म्हणजे आधी बोलणारं कुणी उरलं नव्हतं अशी भाषा त्याने कागदावरून उभी केली, आणि मग बोलणारे कधी नव्हतेच अशी. आज मुत्सुन समाजातली माणसंही आपली भाषा पुन्हा शिकतायत. क्लिंगॉनएवढी प्रसिद्धी तिला नाही, पण त्यांच्यासाठी तो 'ट' परग्रहावरचा नाही, पणजीचा आहे.

असो. उद्या सोमवार, क्लायंटचा कॉल आहे. या वेळी त्याला आडनाव सावकाश, 'ड'सकट शिकवणार आहे. क्लिंगॉनांना जमतं, त्यालाही जमेल.