मिरवणुकीतले मास्टर भगवान

अनंत चतुर्दशीला अकोल्याच्या जुन्या शहरात पहिला मान बाराभाई गणपतीचा. त्याची पूजा झाली की बाकीची मंडळं मागे लागतात आणि मिरवणूक मोर्णा नदीच्या गणेश घाटाकडे सरकू लागते. अशा मिरवणुकीत ढोल-ताशे जरा थांबले आणि बँडवाल्याने 'अलबेला' चित्रपटातल्या गाण्याची चाल काढली, की एरवी घरच्या लग्नातही न नाचणारा एखादा पन्नाशीचा गृहस्थ पुढे येतो. गुडघे किंचित वाकलेले, हात कोपरात दुमडलेले, खांद्याला हलकासा झटका आणि चेहऱ्यावर मिस्कील हसू. डुलत डुलत तो वीतभर पुढे सरकतो. या नाचाला शिकवणी लागत नाही आणि मोकळी जागाही लागत नाही.

ही लकब ज्यांची, ते सिनेनट भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान किंवा भगवानदादा, जन्माने वऱ्हाडातले. १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, त्यामुळे मुलगा वाढला मुंबईच्या गिरणगावात. शाळा चौथीपर्यंत. पुढे मजुरी, कुस्ती आणि सिनेमाचं वेड.

त्या काळी हसवणाऱ्या माणसाची जागा रस्त्यावरच होती. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला, तसे गाणी आणि नकला करणारे मेळे गल्लोगल्ली उभे राहिले. विदर्भात तर दंडार होती, खडी गंमत होती आणि पोलिसाचा वेश करून भर बाजारात खोटा दम देणारा, मग हसून बिदागी मागणारा रायरंद होता. यांच्यापुढे ना पडदा ना झालर. चारी बाजूंनी माणसं आणि मधे हातभर जागा. त्यामुळे विनोद अंगात असावा लागे आणि लांबून दिसावा लागे.

भगवानदादांचा नाच याच जातीचा.

पडद्यावर ते आले १९३१ च्या 'बेवफा आशिक' या मूकपटातून. १९३४ च्या 'हिम्मत-ए-मर्दा'त ते बोलू लागले. पुढची बरीच वर्षं त्यांनी कमी पैशांत मारधाडीचे चित्रपट काढले. कामगारवस्तीतला प्रेक्षक ते डोक्यावर घेई, प्रतिष्ठितांनी मात्र कधी दखल घेतली नाही. याच काळातली एक घटना त्यांना आयुष्यभर सलली. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिताबाईंचा डावा डोळा कायमचा अधू झाला.

१९४७ मध्ये भगवानदादांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. मारधाड सोडून एखादा सामाजिक चित्रपट कर, असा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला. त्यातून १९५१ मध्ये 'अलबेला' आला. सोबत गीता बाली आणि संगीत जुने मित्र सी. रामचंद्र यांचं. नट होण्याच्या वेडाने झपाटलेला गरीब घरातला प्यारेलाल ही भूमिका म्हणजे जवळजवळ त्यांचीच गोष्ट. 'आवारा' आणि 'बाजी'च्या वर्षात हा बुटका, गुबगुबीत नायक त्यांच्या बरोबरीने गर्दी खेचून गेला.

पैसा आला तसा गेलाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला होता, आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी होत्या. पुढचे चित्रपट पडत गेले, किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला 'हँसते रहना' अर्धवट राहिला आणि सगळं विकावं लागलं. दादा पुन्हा दादरच्या चाळीत दोन खोल्यांत आले आणि मिळतील ती किरकोळ कामं करत राहिले. सांगतात, की विसर्जनाच्या दिवशी मिरवणुका त्यांच्या घराखाली थांबत, 'अलबेला'ची गाणी वाजवत आणि म्हातारे दादा दोन पावलं टाकून दाखवत, मगच पुढे जात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले.

अमिताभ बच्चन, मिथुन, गोविंदा यांनी त्यांचा नाच पडद्यावर पुढे नेला. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला, त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले. पण खरा वारसा मिरवणुकीतच आहे. बंगला, मोटारी, स्टुडिओ, सगळं गेलं; पावलं तेवढी लोकांकडे राहिली, कारण ती कुणाच्याही अंगाला बसतात.

मूळ 'अलबेला' पाहायचा राहिला असेल, तर यंदा गणपती बसायच्या आत पाहून घ्या. बाराभाईमागे चालताना पाय बरोबर पडतील.