नागीण : कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसतो तो कसा?

वडोदरा : मांडवीकडून पाणीगेटकडे जाताना लागणाऱ्या जुन्या मराठी घरांत कुणाच्या कमरेला एका बाजूने फोडांची रांग उठली, की ‘नागीण झाली’ असंच म्हणतात. मग कुणी गेरू लावायला सांगतं, कुणी उतरवून घ्यायला. ‘वेटोळं पूर्ण झालं की माणूस दगावतो’ ही भीती तर घरोघर आहे. यात खरं काय, खोटं काय?

एकच विषाणू, दोन आजार

नागीण बाहेरून लागत नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्या (गुजरातीत अछबडा) ज्या विषाणूमुळे होतात, त्याच विषाणूमुळे नागीण होते. हा विषाणू हर्पीस कुळातला. ओठावर जर उठवणारा विषाणूही याच कुळातला. या कुळाची खासियत म्हणजे एकदा शरीरात शिरला की तो जन्मभर मुक्कामाला राहतो.

कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो. त्याच्याकडे जेमतेम 70 जनुकं. माणसाकडे सुमारे 20 हजार. तरी तो टिकतो, कारण मज्जापेशीच्या केंद्रकात शिरून तो आपली जवळपास सगळी जनुकं बंद ठेवतो. जनुकं बंद, तर प्रथिनं नाहीत. प्रथिनं नाहीत, तर पहारेकऱ्यांना पत्ता नाही.

पहारा आणि चकवा

हे पहारेकरी म्हणजे टी-पेशी. प्रत्येक पेशी आत काय चाललंय याचे नमुने आपल्या पृष्ठभागावर मांडते. नमुना परका दिसला की टी-पेशी त्या पेशीचा निकाल लावतात. विषाणू जागा झाला की नमुने मांडणारे रेणू तो पेशीच्या आतच अडवून ठेवतो. त्यामुळे त्याला थोडा वेळ मिळतो. टी-पेशी दमदार असतील, तर तेवढ्यानेही त्याचं फावत नाही.

पण वय वाढलं, कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड सुरू असले, अवयव प्रत्यारोपण झालं किंवा एचआयव्ही असला, की पहारा ढिला पडतो. मधुमेहातही धोका वाढतो. मग विषाणू मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो.

माणसाची जनुकंही यात भाग घेतात. विषाणूचा डीएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवणारं एक यंत्र पेशीत असतं. कांजिण्यांनी मेंदूला किंवा फुफ्फुसाला गंभीर इजा झालेल्या काही मुलांत या यंत्राच्या जनुकांतच दोष असल्याचं 2017 मध्ये दिसून आलं. एरवी धडधाकट असलेल्या एखाद्यालाच साधा आजार जड का जातो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

वेटोळ्याचं खरं-खोटं

एक गाठ शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्याला जोडलेली असते. म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशी थांबतात. वेटोळं पूर्ण होत नाही. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती फार खचल्याची ती खूण असू शकते. म्हणजे भीतीत थोडं तथ्य आहे, पण जीव वेटोळ्यामुळे जात नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे नव्हे, थेट दवाखान्यात जायला हवं.

पहिले 72 तास

असायक्लोव्हिर आणि त्याच जातीची औषधं फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झाली, तर उत्तम. असायक्लोव्हिर विषाणूच्याच एका विकराकडून कार्यरत होतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी. गेरू-लेपात हेच तीन दिवस निघून जातात. फोड सुकले तरी काहींची आग, ठणका महिनोन्महिने राहतो; वयस्कर माणसांत जास्त.

हे लक्षात ठेवा

• कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नजर जाऊ शकते.

• फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊ शकतात. ज्यांना त्या झालेल्या नाहीत अशा गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून रुग्णाला दूर ठेवा. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा.

• पन्नाशीनंतरच्यांसाठी नागिणीची लस भारतात 2023 पासून मिळते. दोन डोस, सहसा 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. त्याचं एकच प्रथिन टी-पेशींना पुन्हा तयार करतं. लस महाग आहे आणि सरकारी मोफत लसीकरणात नाही.

पाणीगेट असो की सीमेपलीकडचं गाव, घरातल्या आजी-आजोबांच्या एका बाजूला आग होऊन फोड उठले, तर पहिला फोड कधी दिसला ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.