स्टूर नदीतली गाडी

इंग्लंडमधील सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या हद्दीवरून स्टूर नदी वाहते. तिच्या काठी फ्लॅटफर्ड येथे चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याच्या वडिलांची पाणचक्की होती. ‘द हे वेन’, म्हणजे गवत वाहण्याची गाडी, हे तैलचित्र त्या चक्कीजवळचे. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर, मधोमध उथळ पाण्यात घोडे जुंपलेली रिकामी गाडी, अलीकडच्या काठावर कुत्रा आणि उजवीकडे दूरच्या कुरणात गवत कापणारी, ठिपक्यांएवढी माणसे. गाडी पाण्यात का, याचे एक कारण असे सांगतात: उन्हाने चाकाचे लाकूड आटते आणि लोखंडी धाव सैल होते, चाक भिजले की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

चित्रातली ही भर दुपार रंगवली गेली ती मात्र लंडनमध्ये, १८२०-२१ च्या हिवाळ्यात. आधारासाठी जुनी टिपणे होती आणि आधी त्याच आकाराचा तेलरंगातला कच्चा खर्डाही केला होता. गाडीचा तपशील चुकू नये म्हणून तिची रेखाटने गावाकडून मागवून घेतली. खर्ड्यात काठावर एक घोडेस्वार होता. तो पुढे गाळला, त्याच्या जागी आलेले पिंपही रंगाखाली बुजवले. पाण्यावर आणि पानांवर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके आहेत. ओल्या पानावरची चकाकी त्यांतूनच येते, पण समकालीन टीकाकारांनी त्यांची ‘बर्फ’ म्हणून टर उडवली.

नेपोलियनशी झालेले युद्ध १८१५ मध्ये संपले, धान्याचे भाव कोसळले आणि शेतमजुरांचे हाल सुरू झाले. १८१६ आणि १८२२ मध्ये इंग्लंडच्या याच पूर्व भागात दंगे झाले, मळणीयंत्रे फोडली गेली. चित्रातल्या शांततेला याचा स्पर्शही नाही. ती चक्कीवाल्याच्या मुलाच्या आठवणीतली शांतता आहे.

सुमारे १३० सेंटिमीटर उंच आणि १८५ सेंटिमीटर रुंद कॅनव्हास तेव्हा इतिहास-पुराणातल्या प्रसंगांना शोभणारा मानला जाई. कॉन्स्टेबलने तो एका गाडीला दिला. १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ‘लँडस्केप: नून’ (निसर्गचित्र: दुपार) या नावाने हे चित्र मांडले गेले, पण विकले गेले नाही. पुढे पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने ते आणखी दोन चित्रांसह २५० पौंडांना घेतले. १८२४ च्या पॅरिस सलाँ या चित्रप्रदर्शनात त्याचा गाजावाजा झाला आणि फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्याकडून सुवर्णपदक मिळाले. ते पाहून फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाने स्वतःच्या ‘खिओसचा संहार’ या चित्रावर पुन्हा हात फिरवला, असे सांगतात. मायदेशात कॉन्स्टेबलला अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळायला १८२९ साल उजाडले.

१८८६ मध्ये हेन्री वॉन या संग्राहकाने हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला भेट दिले. विली लॉटचे घर फ्लॅटफर्डला अजून उभे आहे.