सरासरीच्या अलीकडची माणसे

माझी आजी गेली तेव्हा तिचे वय घरात कोणालाच सांगता आले नाही. कागदावर अंदाजाने एक आकडा लिहिला गेला. नर्सबाई गावात यायच्या आणि आमच्या वस्तीच्या अलीकडूनच परत फिरायच्या. आज मी अर्थशास्त्र शिकवतो. देशाचे उत्पन्न वाढले की माणसांचे आयुष्य वाढते, हे वर्गात सांगताना ती परत फिरणारी पावले आठवतात.

ते विधान अगदीच खोटे नाही. पण 1975 साली सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने देशोदेशीचे आकडे मांडून दाखवले की, 1930 ते 1960 च्या दशकांदरम्यान वाढलेल्या आयुर्मानात उत्पन्नवाढीचा वाटा फार तर चवथाईचा. बाकीची कारणे उत्पन्नाबाहेरची. रोग आवरण्याचे ज्ञान व साधने त्यांत आली. मग ही साधने कोणाच्या दारापर्यंत गेली?

श्रीलंका म्हणजे आपल्या मनात बुद्धाचे बेट. 1950 साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. पण या बेटावर 1931 सालीच सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला होता. (बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे हीच मागणी केली होती, आपल्याला घटनेपर्यंत थांबावे लागले.) 1934-35 च्या हिवतापाच्या साथीत तिथे सुमारे 80,000 माणसे मेली. मते मागायला येणाऱ्यांना आता गरिबांपुढे उत्तर द्यावे लागत होते. खेड्यांत दवाखाने, प्रसूतिगृहे, शिकलेल्या सुईणी आल्या. 1942 पासून रेशनचा तांदूळ, 1945 पासून मोफत शिक्षण. पुढे डीडीटीची फवारणी झाली. 1946 ते 1947 या एका वर्षात मृत्युदर हजारी 20 वरून 14 वर उतरला. श्रेय फवारणीचे किती आणि तांदळाचे किती, यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत. देश गरीब होता आणि माणसे जगू लागली होती, एवढे निश्चित. 1985 साली रॉकफेलर फाउंडेशनने ‘कमी खर्चात चांगले आरोग्य’ म्हणून चीन, कोस्टारिका व केरळबरोबर श्रीलंकेचेही नाव घेतले.

या कौतुकात चहामळे फारसे दिसत नाहीत. इंग्रजांनी तमिळ मुलखातून मजूर नेले. त्यांत पल्लर, परैयर, चक्किलियार फार मोठ्या संख्येने, म्हणजे आपलीच माणसे. स्वातंत्र्य मिळताच 1948 च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्व गेले, 1949 मध्ये मतही गेले. मळ्यावरचा दवाखाना कंपनीच्या हाती होता. गावोगाव पोचलेली सरकारी आरोग्यव्यवस्था मळ्याच्या हद्दीशी थांबली. 1974 च्या अन्नटंचाईत मळ्यांवरचा बालमृत्यूचा दर देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होता. बेट तेच, डॉक्टर तेच. मतपेटी मात्र यांच्यासाठी नव्हती. 1964 च्या करारात भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांनी माणसे मोजून वाटून घेतली : सव्वापाच लाख इकडे, तीन लाख तिकडे. मळे 1970 च्या दशकात सरकारकडे आले, त्यानंतर सरकारी आरोग्यसेवा हळूहळू आत शिरली. उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा कायदा व्हायला 2003 साल उजाडले.

यंदा मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांच्या मृत्यूचे साल आणि कारण विचारून यायला सांगितले. सालाचा रकाना पुष्कळांचा कोराच आला. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक लिहिले होते : ताप, ताप, बाळंतपण, ताप.