बोटाच्या ठशावर चालणारा मोबाईल : सोय, कार्यपद्धती आणि दक्षता

दस्तऐवजावर 'निशाणी डावा अंगठा' असा शेरा असणे हे एकेकाळी निरक्षरतेचे लक्षण मानले जात असे. 'अंगठेबहाद्दर' हा उपरोधिक शब्द त्यातूनच मराठीत रूढ झाला. आज मात्र बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील उच्चशिक्षित संगणक अभियंताही दिवसातून कित्येकदा मोबाईलवर अंगठाच टेकवतो. फोनचे कुलूप उघडण्यापुरता असलेला हा ठसा आता ठरावीक अ‍ॅप सुरू करणे, सूचना पाहणे, पैसे चुकते करणे अशा नित्याच्या कामांचाही शॉर्टकट झाला आहे. ही सुविधा कशी चालते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची ही माहिती.

इलेक्ट्रॉनिक सिटी आणि बोटाचा ठसा

केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने 1978 मध्ये होसूर मार्गालगत 332 एकर जागेवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना होती. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1983 मध्ये बंगळुरूला स्थलांतरित झालेल्या इन्फोसिस कंपनीचे मुख्यालय याच परिसरात आहे. कंपनीचे एक संस्थापक नंदन निलेकणी यांच्याकडे 2009 मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्षपद सोपविण्यात आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांच्या प्रतिमा यांवर आधारित 'आधार' क्रमांकाचे वाटप महाराष्ट्रातूनच सुरू झाले. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक देण्यात आले.

इलेक्ट्रॉनिक सिटीतच असलेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत (ट्रिपल आयटी, बंगळुरू) 2018 मध्ये 'मोसिप' हा प्रकल्प सुरू झाला. कोणत्याही देशाला आपली ओळखपत्र व्यवस्था उभारता यावी, यासाठीची ही मुक्त स्रोत संगणक प्रणाली आहे. फिलिपाइन्स, मोरोक्को, इथिओपिया आदी देशांनी तिचा स्वीकार केला आहे.

फोन बोट कसे ओळखतो?

बोटाच्या त्वचेवर उंचवटे आणि खाचा असतात. विद्युत धारकतेवर चालणारा सेन्सर उंचवटे कोठे टेकले आणि खाचांमुळे कोठे पोकळी राहिली, हे विद्युतभारातील फरकावरून टिपतो. पडद्याखालील सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक प्रकाशाच्या साहाय्याने ठशाचे चित्र घेतो, तर दुसरा श्राव्यातीत ध्वनिलहरींचा उपयोग करतो.

आधुनिक फोनमध्ये ठशाचे चित्र जसेच्या तसे साठविले जात नाही. त्यातील वैशिष्ट्यांचा गणिती आराखडा तयार होतो आणि तो फोनमधीलच एका सुरक्षित, स्वतंत्र भागात राहतो. एखाद्या अ‍ॅपने ओळख पटविण्याची विनंती केल्यास त्याला 'जुळले' किंवा 'जुळले नाही' एवढेच उत्तर मिळते. ठसा त्या अ‍ॅपच्या हाती पडत नाही. 'आधार'ची पद्धत याहून वेगळी आहे. तेथे ठशाची पडताळणी मध्यवर्ती भांडारातील नोंदीशी होते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शॉर्टकटचे प्रकार

बोटाच्या ठशाचा शॉर्टकट म्हणून वापर प्रामुख्याने तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळे काम नेमून देणे. एचटीसी कंपनीने 2013 मध्ये सादर केलेल्या 'वन मॅक्स' या फोनमध्ये तीन बोटे नोंदवून प्रत्येकासाठी स्वतंत्र अ‍ॅप ठरविता येत असे. परंतु अँड्रॉइड प्रणाली सर्वसाधारण अ‍ॅपला नेमके कोणते बोट टेकले, हे सांगत नाही. त्यामुळे ही सोय फोनच्या निर्मात्याने स्वतः दिली असेल, तरच मिळते.

दुसरा प्रकार सेन्सरवर बोट सरकविण्याचा आहे. 2016 मधील पहिल्या 'पिक्सेल' फोनमध्ये पाठीमागील सेन्सरवरून बोट खाली ओढल्यास सूचनांची यादी उघडत असे. 2017 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 8 आवृत्तीने ही क्षमता सुलभता सेवांच्या माध्यमातून इतर अ‍ॅपनाही खुली केली. त्यामुळे वर, खाली, डावीकडे व उजवीकडे अशा चार हालचालींना चार कामे जोडता येऊ लागली. विजेरी लावणे, आवाज बंद करणे, घरी फोन लावणे अशी कामे त्यात येतात. अर्थात, सेन्सर स्वतंत्र असलेल्या मोजक्याच फोनमध्ये हे शक्य होते.

तिसरा प्रकार पडद्याखालील सेन्सरचा आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये कुलूप उघडताना बोट क्षणभर तसेच दाबून धरल्यास निवडक कामांची चिन्हे दिसतात व त्यांतील हव्या त्या चिन्हाकडे बोट सरकविता येते.

आयफोनमध्ये 2013 पासून 'टच आयडी' आले. मात्र बोटनिहाय कामे ठरविण्याची सोय त्यात नव्हती. 2020 पासून आयफोनच्या पाठीवर दोन वा तीन वेळा टिचकी मारून कामे सुरू करण्याची सोय उपलब्ध झाली.

पैशांचे व्यवहार

2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवहारांसाठी पिन टाकावा लागतो. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये पिनऐवजी फोनमधील बोटाचा ठसा अथवा चेहरा वापरण्याचा ऐच्छिक पर्याय जाहीर केला. आकडे लक्षात ठेवणे कठीण जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी हा दिलासा आहे. दुसरीकडे, ज्या फोनमध्ये घरातील इतरांची बोटे नोंदविली आहेत, तेथे हा पर्याय स्वीकारण्यापूर्वी विचार करणे इष्ट ठरेल.

मर्यादा आणि धोके

पिन उघड झाल्यास बदलता येतो. बोट बदलता येत नाही. 'टच आयडी' बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतील 'केऑस कॉम्प्युटर क्लब'ने काचेवरील ठशावरून कृत्रिम बोट बनवून फोन उघडून दाखविला. 2019 मध्ये सॅमसंगच्या 'गॅलेक्सी एस 10' या फोनमध्ये काही प्रकारचे पडदा-आवरण लावल्यास अनोळखी बोटही स्वीकारले जात असल्याचे आढळले आणि कंपनीला दुरुस्ती प्रसृत करावी लागली.

2023 मध्ये कर्नाटकात मालमत्ता नोंदणीच्या कागदपत्रांवरील ठशांची नक्कल करून आधारसंलग्न बँक सेवेतून परस्पर पैसे काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. हा गैरप्रकार मोबाईलमधील सेन्सरचा नव्हता. तथापि, एका ठिकाणी दिलेला ठसा दुसरीकडे कसा वापरला जाऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

याशिवाय शेतमजूर, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या महिला यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. ओली वा भेगाळलेली बोटेही सेन्सर नाकारतो. अशा व्यक्तींसाठी पिनचा पर्याय कायम असणे अत्यावश्यक आहे.

कायद्याची बाजू

स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास आरोपीला भाग पाडता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 20 (3) सांगते. तथापि, 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने 1961 मध्ये बोटाचा ठसा देणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असा निर्वाळा दिला. त्या काळी ठसा केवळ ओळख पटवत असे. आज तोच ठसा पत्रव्यवहार, छायाचित्रे व बँक खाती उघडतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये फोनचा पासवर्ड किंवा ठसा देणे ही स्वतःविरुद्धची साक्ष ठरत नसल्याचे म्हटले. मात्र फोनच्या झडतीसाठी सर्वसाधारणपणे न्यायालयाचे वॉरंट आवश्यक असल्याचेही नमूद केले.

वापरकर्त्यांनी काय करावे?

* फोनमध्ये केवळ स्वतःची बोटे नोंदवावीत आणि जुन्या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात.
* हाताला जखम झाल्यास अडचण येऊ नये, यासाठी दोन्ही हातांचे किमान एकेक बोट नोंदवावे.
* पिन विसरू नये. फोन बंद करून सुरू केल्यावर प्रथम पिनच मागितला जातो.
* शॉर्टकटसाठी सुलभता सेवेची परवानगी मागणारे अ‍ॅप पारखून घ्यावे. अशी परवानगी मिळालेले अ‍ॅप पडद्यावरील मजकूर वाचू शकते.
* अँड्रॉइड 9 व पुढील आवृत्त्यांत 'लॉकडाउन' हा पर्याय आहे. तो वापरल्यास पुढील वेळी पिन टाकेपर्यंत बोटाचा ठसा चालत नाही. गर्दीत किंवा कोणी बळजबरी करील अशी शंका असल्यास त्याचा उपयोग होतो.
* 'आधार'मधील ठशांसाठी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जैविक माहिती कुलूपबंद करण्याची सुविधा आहे. गरजेच्या वेळी ती तात्पुरती उघडता येते.

विजेरी लावणे वा सूचना पाहणे अशा किरकोळ कामांसाठी बोटाचा शॉर्टकट निःसंशय सोयीचा आहे. पैसे आणि खासगी कागदपत्रे यांसाठी मात्र बोटाच्या जोडीला पिनही ठेवणे श्रेयस्कर. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, असे जुनी माणसे सांगत असत. काचेच्या पडद्यालाही तो सल्ला तितकाच लागू पडतो.