वरणगाव परिसरातील आहार व व्यायाम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

समाजाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा वंशावळी, वतने, देवस्थाने आणि शिक्षणसंस्था यांची नोंद करतो. त्या समाजाने रोज काय खाल्ले, अंगातून किती घाम गाळला आणि या दोहोंचा मेळ कसा राहिला, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. प्रस्तुत लेखकासही ही उणीव जाणवली नसती. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या चुलतबंधूंचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला, आणि रुग्णालयाच्या ओट्यावर बसलेल्या आम्हा दहाबारा नातलगांपैकी आठांच्या खिशात त्याच रोगाच्या गोळ्या निघाल्या. आमच्या आजोबांच्या पिढीत या रोगाचे नावही घरात ऐकू येत नसे. मग दोन पिढ्यांत असे काय घडले, या प्रश्नाचा शोध घेता घेता हा लेख सिद्ध झाला आहे. ज्ञातिबांधवांनी तो वैद्यकीय सल्ला म्हणून नव्हे, तर आपल्याच घराची हकीकत म्हणून वाचावा, ही विनंती.

आरंभ घरोटापासून करणे उचित होईल. इतरत्र ज्याला जाते म्हणतात त्याला आपल्या बोलीत घरोट म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी घरोटावर रचलेली गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि साऱ्या महाराष्ट्राला हा शब्द ठाऊक झाला. त्या गाण्यांची गोडी आपण सर्वजण जाणतो. पण ती म्हणताना खांदा, दंड, पाठ आणि पोट किती वेळ राबत होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पहाटे दळण, मग विहिरीचे पाणी, मग भाकरी बांधून शेताची वाट, दुपारी निंदणी किंवा वेचणी आणि संध्याकाळी डोक्यावर सरपण घेऊन परत, अशी त्या बायकांची दिनचर्या असे. त्यांना कोणी व्यायाम करा असे सांगितले असते तर त्या हसल्या असत्या.

पुरुषांचे तेच. बागाईत शेतात मोट चालत असे. बैल धावेवरून खाली उतरत, मोट थारोळ्यात रिकामी होई, आणि बैलांमागोमाग मोटकरी दिवसभर त्याच धावेवर खालीवर करीत राही. पिकाला बारे देणारा दुसरा गडी चिखलात वाकून फावडे चालवी. वरणगावाहून भुसावळच्या बाजारास पायी जाणे ही विशेष गोष्ट समजली जात नसे. अशा देहाला जे अन्न लागे तेच आपल्या स्वयंपाकघराने घडविले : दादरची भाकरी, ज्वारीत उडीद मिसळून दळलेली कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, भरीत आणि त्यावर गोडेतेलाची धार. कळण्याची भाकरी पोटात तासन् तास टिकते, हा तिचा गुण होता. उन्हात नांगर धरणाऱ्याला तोच गुण हवा होता.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. जुने ते सारे सोने होते, असे माझे मत मुळीच नाही. आपले पूर्वज सडपातळ होते याचे एक कारण कष्ट हे असले, तरी दुसरे कारण उपासमार हे होते. १८९९–१९०० चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्याने खानदेशाची दैना उडविली. पुढे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, हे पाहिलेले लोक अद्याप हयात आहेत. ज्या समाजाने अशी वर्षे काढली, त्याने सुटलेल्या पोटाला वैभवाची खूण मानावी यात नवल नाही. स्थळ पाहावयास गेल्यावर मुलगा ‘अंगाने भरलेला’ आहे हे कौतुकाने सांगितले जाई, ते याच भयाच्या पोटी. दुष्काळ गेला, ते कौतुक मात्र राहिले.

व्यायाम ही स्वतंत्र विद्या म्हणून आपल्याकडे नव्हती असे नाही. समर्थ रामदासांनी मारुतीच्या उपासनेला बलोपासनेची जोड दिली, आणि त्यांचे वाङ्मय जमवून प्रकाशात आणण्याचे मोठे कार्य धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी केले, हा खानदेशास अभिमानाचा विषय होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. त्यासाठी त्यांनी सप्तशृंगी गडावर अनुष्ठान केले, असे परंपरा सांगते. गावोगावच्या तालमीत जोर, बैठका, जोडी आणि कुस्ती चाले. परंतु तालीम ही अविवाहित तरुणांची जागा होती. लग्न झाले, संसार पडला, की लंगोट खुंटीला लागे. पहिलवानाचा खुराक मात्र पुष्कळांच्या अंगी कायमचा जडे, आणि गावातील सर्वांत स्थूल गृहस्थ हा एके काळचा मल्ल असल्याचे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. स्त्रियांना तर तालमीचा उंबरठाही वर्ज्य होता.

या परंपरेला शास्त्राची कसोटी लावण्याचा विचार ज्यांच्या मनात पुढे परिपक्व झाला, ते गृहस्थ काही वर्षे आपल्याच खानदेशात वावरत होते, हे आजच्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने ते अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात आले आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १९२० साली सरकारी रोषामुळे बंद पडले. गुणे मात्र थांबले नाहीत. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्यापासून योगविद्या शिकून त्यांनी १९२०–२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांच्या साहाय्याने तपासावयास प्रारंभ केला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि गुणे हे स्वामी कुवलयानंद या नावाने जगास परिचित झाले. १९६६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे महत्त्व माझ्या मते असे की, व्यायाम हा शौर्याचा किंवा मोक्षाचा विषय आहे एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही; तो मोजून पाहण्याचा विषय आहे, असे त्यांनी मानले. शिवाय आसने करण्यास आखाडा लागत नाही, जोडीदार लागत नाही, वयाची अट नाही, आणि घरातील स्त्रीही दार लोटून ती करू शकते. त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. आधी त्यांनी सँडोची विलायती उपकरणे आणवून दहा वर्षे व्यायाम केला होता. शेवटी घरच्या नमस्कारांवरच त्यांची श्रद्धा बसली. अमरावतीस १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळ दाखवून आले. सारांश, नागपूरच्या गाडीत बसले तर पूर्वेस अमरावती आणि सुरतेच्या गाडीत बसले तर पश्चिमेस अमळनेर, अशा दोन व्यायामपीठांच्या मधोमध आपण राहात होतो. तरीही आपल्या घरात ही विद्या शिरली नाही, कारण त्या वेळी तिची गरजच भासत नव्हती. घरोट फिरत होते आणि मोट चालत होती.

ती गरज कशी निर्माण झाली, हे सांगावयास फार शब्द नकोत. प्रथम पिठाची गिरणी आली. १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातदळणाच्या पिठाचा पुरस्कार केला, आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेसमध्ये भरलेले ग्रामोद्योगांचे प्रदर्शन आपल्याच टापूत झाले. पण गिरणी थांबली नाही, आणि थांबावी असे मी म्हणणार नाही. आमच्या आईच्या हाताचे घट्टे मी पाहिले आहेत. मागाहून तेलाची इंजिने, विजेचे पंप, फटफटी आणि ट्रॅक्टर. १९६४ साली वरणगावास आयुध निर्माणी उभी राहिली, भुसावळची रेल्वे होतीच. शेतकऱ्याची मुले पाळीवर आणि खुर्चीवर काम करू लागली. केळीने हाती पैसा आणला. एकेक कष्ट अंगावरून उतरला आणि प्रत्येक वेळी आपण सुटकेचा निःश्वास सोडला, तो रास्तच होता. चूक झाली ती एवढीच की, ताट जसेच्या तसे राहिले. किंबहुना बट्टीवरचे तूप वाढले, शेवभाजी आली, चहात साखर आली, आणि दादरच्या जागी बाराही महिने गव्हाची पोळी आली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अष्टौनिंदितीय नावाचा आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार करून, दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा निर्णय दिला आहे. अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही कारणे तेथे सांगितली आहेतच. पण बीजदोषही सांगितला आहे. उपाय म्हणून पोटास जड पण पोषणास हलके असे अन्न, जव, मूग, कुळीथ, ताक यांचा उल्लेख येतो, आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा असे म्हटले आहे. वाग्भटाने तर अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत व वसंतात, इतर ऋतूंत मंद, असे बजावले आहे. चैत्र-वैशाखात पंचेचाळीस अंशांचा ताप सोसणाऱ्या आपल्या मुलखाला हा नियम जणू मुद्दाम सांगितला आहे. उत्साहाने मे महिन्यात धावू लागून जूनमध्ये कायमचे थांबणारे तरुण दरवर्षी दिसतात.

बीजदोषाच्या बाबतीत आधुनिक शास्त्राने पुण्यास महत्त्वाचे संशोधन केले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. आपली बालके जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या देहात चरबीचे प्रमाण त्या मानाने घटलेले नसते, असे त्यांस आढळले. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि युडकिन नावाच्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु चरबी इंग्रजाच्या अंगी ९.१ टक्के, तर डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के! म्हणूनच केवळ काट्यावर विसंबू नये. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांवर गेली की सावध व्हावे, असे आता मानतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने भारतातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख इतकी सांगितली.

बंधूंच्या शस्त्रक्रियेनंतर मी स्वतः वजन केले, ते ८८ किलो भरले. आरंभी मी नुसता चालत असे, आणि तीन महिन्यांत काटा हलला नाही. मग हिशेब ध्यानात आला. सत्तर-ऐंशी किलोच्या मनुष्याने तासभर चालून जी शक्ती खर्चावी, ती दोन मोठे चमचे तुपात भरून येते. अर्थात चालणे व्यर्थ नव्हे. रक्तातील साखर त्याने आवरते आणि उतरलेले वजन पुन्हा चढत नाही. पण वजन उतरते ते मुख्यत्वे ताटातून. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनच वेळा जेवण्याचा प्रसार केला आहे. कोणास तो मानवतो, कोणास नाही. गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून तो आरंभू नये. मी एवढेच केले की, रात्री सातनंतरचे खाणे सोडले, पोळीऐवजी पुन्हा दादरची एक भाकरी घेतली, भाजी व वरण वाढविले, चहाची साखर बंद केली. चौदा महिन्यांत वजन ७५ किलोंवर आले. यात कसलाही चमत्कार नाही.

अडचण आली ती लग्नसराईत. वरण, बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी यांच्या पंगतीत यजमानाचा हात आडवा करणे म्हणजे त्याचा अपमान, ही आपली समजूत. बंधूंनी आयुष्यभर कोणाचा हात आडवा केला नाही. यापुढे संमेलनाच्या पंगतीत तरी आग्रहाची वाढ बंद करावी आणि ताक व कोशिंबीर भरपूर असावी, असा ठराव कार्यकारिणीने करावा, ही माझी सूचना आहे.

स्त्रियांविषयी लिहिल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. घरोट गेल्यावर पुरुषांना निदान तालीम, मैदान, क्लब यांपैकी काही ना काही मिळाले; त्यांना काहीही मिळाले नाही. वास्तविक मुक्ताईनगराहून आषाढीसाठी निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर आपल्याच भागातील साठीच्या आजीबाई पाचशेहून अधिक किलोमीटर चालत जातात, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. पण त्याच बाईने पहाटे पायांत बूट घालून गावाच्या रस्त्याने चालावे, तर चर्चा होते. आमच्या घरातून सौभाग्यवती व शेजारच्या चौघी गतवर्षी दिवाळीनंतर स्टेशनच्या रस्त्याने चालू लागल्या. प्रथम प्रथम कोणी विचारल्यास मारुतीच्या दर्शनास निघालो, असे त्या सांगत. आता त्या अकराजणी आहेत. उन्हाळ्यात पाचलाच निघतात, पावसाळ्यात समाजाच्या सभागृहात आसने करू द्यावीत असा अर्ज त्यांनी दिला आहे, आणि तो अद्याप कार्यकारिणीपुढे आहे.